डाव्या कानावरचा आवाज

माझ्या नवऱ्याचा डावा कान पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये, कायमचा गेला. तरी टेलिफोन वाजला की एल्बर्ट तो आधी डाव्याच कानाला लावायचा, क्षणभर थांबायचा आणि मग उजव्या कानाला लावून "क्विनलन बोलतोय" म्हणायचा. लग्नानंतर एकदा मी हसून विचारलं, "त्या कानानं काय ऐकतोस रे?"

"काही ऐकू येत नाही ना, एवढंच बघतो," तो म्हणाला. मला ती थट्टा वाटली.

कॅन्ससमध्ये विहिरी खणणाऱ्याचा हा मुलगा. गणित पक्कं, म्हणून सैन्यानं त्याला तोफखान्यात घातलं. तोफखान्यातला माणूस ज्याला मारतो त्याला बघत नाही. पुढे कुणीतरी टेकडीवर नाहीतर एखाद्या माळ्यावर दडून बसतो आणि टेलिफोनच्या तारेवरून सांगत राहतो: गोळा पुढे पडला, अलीकडे पडला, जरा डावीकडे घ्या. एल्बर्टचा हा पुढचा माणूस म्हणजे टेनेसीचा लेफ्टनंट ओरिन मॅब्री. काहीही सांगायच्या आधी "ऐकताय ना, कॅप्टन?" असं विचारायची त्याला सवय होती.

युद्ध संपत आलं होतं तेव्हा मॅब्री एका पडक्या पवनचक्कीत बसला होता. जर्मनांनी चक्कीला वेढा घातला आणि त्यानं स्वतःच सांगितलं, आता गोळे चक्कीवरच टाका. एल्बर्टनं टाकले. जर्मन हटले, मागची टेकडी आपल्याकडे राहिली. मॅब्रीचं मात्र नखही सापडलं नाही. त्याच धुमश्चक्रीत एल्बर्टच्या शेजारी एक गोळा फुटला आणि त्याचा कान गेला. त्याला पदक मिळालं, तो मेजर झाला. ही हकीकत मी जेवणावळींत इतरांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली. कुणी ती सुरू केली की एल्बर्ट खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा.

दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिगेडियर जनरल होऊन ट्युनिशियात गेला, तिथून इटलीत. त्याच्या हाताखालचा मेजर पॉमरॉय जखमी होऊन परतला तेव्हा मला भेटायला आला. माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. मध्येच म्हणाला, "मॅडम, एक विचारू? जनरलसाहेबांना पुढचं काही कळतं का हो?"

"म्हणजे कसं?"

"ट्युनिशियात आमच्या तोफा ऑलिव्हच्या बागेत होत्या. पोरं नाश्त्याला बसली होती. फोन वाजला. साहेबांनी डाव्या कानाला लावला आणि तिथंच ठेवला, उजवीकडे नेलाच नाही. चेहरा पांढराफटक. म्हणाले, तोफा हलवा, आत्ताच्या आत्ता. पोरं कुरकुरली, डबे तसेच टाकून निघाली. कोरडी नदी ओलांडली असेल-नसेल, मागे सगळी बाग उडाली. एक झाड उभं राहिलं नाही."

"मग बरंच झालं की. कुणीतरी खबर दिली असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून तारा ओढणाऱ्या जवानाला विचारलं, फोन कुणाचा होता? तो म्हणाला, साहेब, त्या फोनची तार अजून जोडायचीच होती." पॉमरॉयनं कप खाली ठेवला. "इटलीत पुन्हा तसंच झालं. पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला धोक्याचा वास येतो. पण त्यानंतर साहेब तासभर कुणाशी बोलत नाहीत. जीव वाचलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो, मॅडम."

एल्बर्ट परत आला. खांद्यावर दुसरा तारा चढला, तो मेजर जनरल झाला. मी काही विचारलं नाही. सैनिकांच्या बायका काय विचारायचं नाही ते लवकर शिकतात.

निवृत्त झाल्यावर आम्ही ओक्लाहोमात घर घेतलं. तोफखान्याचं प्रशिक्षण तिथून जवळच चाले. सरावाच्या दिवशी कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. एल्बर्ट टोमॅटो लावायचा, शेजारच्या होल्कमशी गुरांच्या आजारांवर वाद घालायचा. पाच-सहा वर्षं फार सुखात गेली.

मग एका मे महिन्यातल्या दुपारी फोन वाजला. मीच उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला, मोकळ्या रानातला. मग एका तरुण पोराचा आवाज, धाप लागलेला, दक्षिणेकडच्या हेलाचा: "ऐकताय ना, कॅप्टन? दोनशे वार पुढे."

"कोण बोलतंय? इथे कुणी कॅप्टन नाही," मी म्हणाले. फोन बंद झाला. तेवढ्यात घरामागे असा दणका बसला की चुलीवरचं भांडं खाली आलं.

होल्कमच्या कुरणात खड्डा पडला होता, गाय मावेल एवढा. प्रशिक्षणाच्या ठिकाणाहून दोन अधिकारी आले, खड्ड्याभोवती फिरले, माती चाळली. धातूचा एक तुकडाही मिळाला नाही. "जनरलसाहेब, आज सरावच नव्हता," त्यातला एक म्हणाला. "आमची एकही तोफ झडलेली नाही." होल्कम म्हणाला, "मग माझ्या कुरणात काय आकाश पडलं का रे?"

एल्बर्टला मी फोनचं सांगितलं. त्यानं फक्त विचारलं, "पुढे म्हणाला? नक्की?"

आठवड्यानं पुन्हा फोन आला. या वेळी त्यानं उचलला, डाव्या कानाला लावला आणि काही न बोलता ठेवून दिला. समोरच्या रस्त्यावर धुरळा उसळला. दाराची काच फुटून गालिच्यावर पसरली. मी ती वेचत असताना तो शेजारी येऊन बसला.

"एक पुढे, एक अलीकडे," तो म्हणाला. "आता तो मधोमध टाकायला सांगेल. मध्ये आपण आहोत. तू उद्याच बहिणीकडे जा."

"आणि तू?"

"त्याला मी हवा आहे."

"कोणाला, एल्बर्ट? त्या मॅब्रीला? त्यानं स्वतःच तर गोळे मागितले होते!"

त्यानं एक काच उचलून माझ्या ओंजळीत टाकली. "मागितले होते. पण नंतर परत बोलला. ऐकताय ना, कॅप्टन? ते मागे फिरलेत, थांबवा. मला स्पष्ट ऐकू आलं. जर्मन पळत होते, लिओनोरा, उघड्यावर, आणि तोफांचा नेम बरोबर बसला होता. मी थांबवलं नाही. माझा कान त्यानंतर गेला. सगळ्यांना वाटलं आधीच गेला होता, आणि मी वाटू दिलं."

तो पुढे म्हणाला, "एवढी वर्षं त्यानं मला का जपलं, हेच मला कळत नाही. मारायचं असतं तर ट्युनिशियातच गप्प बसला असता."

मी बहिणीकडे गेले नाही. फोन आला तेव्हा स्वच्छ ऊन होतं आणि मी शेंगा सोलत होते. एल्बर्टनं फोन डाव्या कानाला लावला. मी जाऊन त्याच्या गालाला गाल लावून उभी राहिले. वारा, आणि वाऱ्यात तो आवाज: "ऐकताय ना, कॅप्टन?"

"ऐकतोय," एल्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज तरुण माणसाचा झाला होता. "ऐकतोय, मॅब्री. त्या दिवशीही ऐकलं होतं. तू थांबवा म्हणालास, ते ऐकलं होतं."

वारा थांबला. दूर कुठेतरी कुणीतरी श्वास सोडला. मग तारेवर काहीच उरलं नाही. आम्ही तसेच उभे राहिलो; बश्यासुद्धा हलल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तो मला घेऊन गाडीनं टेनेसीला गेला. मॅब्रीची धाकटी बहीण व्हर्डी अजून जुन्या घरातच राहत होती. आता केस पिकलेली, हाताला पीठ लागलेली. ओसरीवर उभं राहूनच एल्बर्टनं तिला सगळं सांगितलं. ट्युनिशियाचंही, फोनचंही. ती मध्ये एकदाच बोलली: "घाबरला होता का तो?"

"नाही. घाईत होता."

"लहानपणापासून तसाच," ती म्हणाली. मग हात पुसत म्हणाली, "माफीबिफी मागू नका हं माझ्याकडे. ते त्याचं त्याला विचारा. त्यानं तुम्हाला उगाच जपलेलं नाही." आणि आत जाऊन तिनं आमच्यासाठी मक्याची भाकर आणि घेवडा वाढला. एल्बर्ट सगळं जेवला.

त्यानंतर तो जेमतेम वर्षभर जगला. मार्चमध्ये, भर दुपारी, व्हरांड्यातल्या खुर्चीत गेला. मी लिंबूपाणी घेऊन बाहेर आले तर मान डावीकडे कलती होती, कपाळाला ती जुनी आठी, कुणी महत्त्वाचं सांगत असलं म्हणजे पडायची तशी. मी पेला खाली ठेवला, पण त्याला हाक मारली नाही. मध्ये बोलू नये असं वाटलं.