मंडळाने भरवलेला ट्रॅफिक जॅम

लोणावळ्यात धंदा कसा चाललाय हे कोणी गल्ला बघून सांगत नाही, रस्ता बघून सांगतात. शनिवारी गाड्यांची रांग खंडाळ्यापर्यंत गेली तर सीझन जोरात. बाजाराच्या चौकातच संपली तर बरं चाललंय. त्या वर्षी रांगच नव्हती. पुण्याच्या कंपन्यांनी माणसं कमी केली होती, मुंबईवाले हात आखडून घरी बसले होते आणि बाजाराच्या रस्त्यावर मधोमध एक तांबडं कुत्रं शनिवार-रविवार झोपून असायचं. हॉर्न ऐकून उठायची त्याची सवयच मोडली होती.

स्नेहलचे वडील बाजीराव, म्हणजे आबा, यांनी त्या कुत्र्याकडे महिनाभर बघितलं आणि चिक्कीचं दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं. पिंपरीचा प्रदीपशेठ मोबाइलची कव्हरं विकायला जागा शोधत होता. येत्या शनिवारी येऊन तो दहा वर्षांच्या करारावर सह्या घेणार होता. स्नेहल कॉलेज संपल्यापासून त्याच दुकानात उभी होती. गुळाचा पाक कधी उतरवायचा हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. मोबाइलच्या कव्हराला वास नसतो. तिने आबांना एवढंच विचारलं, गर्दी परत आली तर?

"गर्दी दाव," आबा म्हणाले. "मग बघू."

त्याच आठवड्यात व्यापारी मंडळाची बैठक होती. विषय, मंदीच्या काळातील शहराचे विकास धोरण. अध्यक्ष अमृतभाऊ. त्यांच्या लॉजचा हॉल फुकट मिळायचा, म्हणून तेच कायम अध्यक्ष. जगातली सर्वात लांब चिक्की करण्याची सूचना आली आणि मुंग्यांचा विचार करून मागे घेतली गेली. कोणी म्हणालं, आणखी एक पॉइंट काढू. पण दरीचा जेवढा काठ होता तेवढ्याला नावं देऊन झाली होती.

मग स्नेहल उठली. रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही, ती म्हणाली, माणसं गर्दी बघून थांबतात. तेव्हा सुरुवातीची गर्दी आपणच करायची. शनिवारी दुपारी प्रत्येक सभासदाने आपली गाडी बाजारात आणायची आणि हळूहळू पुढे न्यायची. हायवेवरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे काहीतरी आहे.

ठराव एकमताने मंजूर झाला. गर्दी बघून पाहुणा यायचा राहणार नाही का, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. कारण त्या हॉलमधलं कोणीही आजवर लोणावळ्याला फिरायला आलेलं नव्हतं.

शनिवारी स्नेहलने दुकानाचा टेम्पो, छोटा हत्ती, काढला आणि आबांना घेऊन प्रदीपशेठला आणायला स्टेशनवर गेली. परत येताना तिघं पुढच्या सीटवर खांद्याला खांदा लावून बसले होते. बाजारात शिरले आणि अडकले. जॅम उत्तम जमला होता. स्नेहलला भरून आलं.

प्रदीपशेठलाही आलं. "मंदी कुठाय हो?" तो म्हणाला आणि आपणहून भाडं वाढवून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा स्नेहलच्या लक्षात आलं, की गर्दी आबांना दाखवायची होती, ती दुकान घेणाऱ्याने बघितली. त्यात प्रदीपशेठच्या मित्राचा फोन आला. तो मुंबईहून लोणावळ्यालाच निघाला होता, पण नकाशात अख्खं गाव लाल दिसलं म्हणून वाटेतून परत फिरला.

गाड्या हळूहळू पुढे न्यायचं ठरलं होतं. त्या अजिबात सरकेनात. तासाभराने लोकांना भुका लागल्या. भजीवाल्याने कणीस घेतलं, कणीसवाल्याने भजी. अमृतभाऊंनी बाथरूमला जाण्यासाठी समोरच्या लॉजमध्ये रीतसर खोली घेतली. आंदर मावळातला केरबा इंद्रायणी तांदळाची पोती घेऊन आला होता, तो गाडीगाडीशी जाऊन तांदूळ विकत होता. छोट्या हत्तीच्या खिडकीशी आल्यावर त्याने विचारलं, "कोन मंत्री आलाय का?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "मंदी आलीये."

"व्हय का? लय गर्दी झाली मग." त्याने पुढे बोट केलं. "म्या बगून आलो. म्होरं कुत्रं झोपलंय, तांबडं. कुनी उठवंना. समद्यांना वाटतंय त्ये मंडळानंच ठेवलंय. उठवू का?"

स्नेहल हो म्हणणार, तेवढ्यात बाजारातले दुसरे चिक्कीवाले भिकाजीकाका आपल्या चिक्कीचं ताट घेऊन आले. छोटा हत्ती नेमका त्यांच्याच दुकानासमोर थांबला होता. चिक्कीच्या धंद्यात एक रीत आहे. एकमेकांच्या घरी लग्नाला जायचं, दवाखान्यात डबा न्यायचा, पण दुसऱ्याची चिक्की तोंडात घालायची नाही. वाईट निघाली तर बोलता येत नाही आणि चांगली निघाली तर झोप येत नाही. भिकाजीकाकांनी बाजीरावांना नमस्कार केला आणि ताट रीतीप्रमाणे फक्त पाहुण्यापुढे धरलं.

प्रदीपशेठने तुकडा खाल्ला. "वा," तो म्हणाला. "आबा, तुमची पण अशीच असते का?"

आबांनी हात लांब करून ताटातला एक तुकडा उचलला. भिकाजीकाकांचं ताट किंचित हललं.

"केरबाभाऊ," स्नेहल हळूच म्हणाली, "कुत्र्याला जरा झोपू द्या."

आबा बराच वेळ चावत राहिले. डॉक्टर गुडघ्याचा एक्स-रे समजावून सांगत असताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"चांगलीये," आबा म्हणाले. कोणीतरी गेल्याचं कळवावं तसे. मग प्रदीपशेठकडे वळले. "शेठ, दुकान न्हाई द्यायचं."

प्रदीपशेठने भाडं आणखी वाढवलं.

"तुमचं काही चुकलं न्हाई. पण आता दुकान बंद केलं, तर हा भिकाजी मरेपर्यंत समजंल की मी त्याच्या चिक्कीला भिऊन बंद केलं." आणि काकांकडे न बघता, "शेंगदाणा जरा जास्त भाजतोस."

"मुद्दाम भाजतो," भिकाजीकाका म्हणाले आणि ताट घेऊन गेले.

स्नेहलने केरबाला खूण केली. पण कुत्रं उठायला आणखी अर्धा तास लागला. तोपर्यंत प्रदीपशेठ करार बॅगेत घालून बापलेकीच्या मधे बसला होता. उतरायला जागा नव्हती. शेवटी वेळ जाईना म्हणून त्याने केरबाकडून पाच किलो तांदूळ घेतला.

सोमवारी मंडळाने धोरण यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. बाहेरचं एक माणूस फिरायला आलं नव्हतं, पण गावाने गावाकडून एवढी खरेदी दिवाळीतही केली नव्हती. आबा पहाटेच दुकानात जाऊन शेंगदाणे भाजत बसले होते. मंद आचेवर, पुन्हा पुन्हा चव बघत. स्नेहल आली तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, आता पुढचा जॅम कधी?

"अजून ठरलं नाही."

"ठरव. आणि ह्या वेळी भिकाजीची गाडी आपल्या दारात अडकव."