भाऊजींचे जाकीट

मित्रांनो, लेथच्या मागे भिंतीवर ती करडी पेटी दिसते ना, तो मी. लेथ म्हणजे धातू कातायचे यंत्र; मी त्याच्या मोटारीचा एक जुना ड्राइव्ह आहे. मोटारीने किती वेगाने फिरायचे, हे मी ठरवतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी झालेले विसरणारा नाही.

मी इथे नवाकोरा आलो, तेव्हा वेग बदलायचा तर पट्टा हाताने एका पुलीवरून दुसरीवर सरकवावा लागे. लेथवर काम करणाऱ्या वहिनींच्या बोटांची सालटी निघत. मी आलो आणि नुसती कळ फिरवली की काम होऊ लागले. वहिनींनी मला मऊ फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "गुणाचा आहेस रे बाबा." तेवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षे राबलो.

नवऱ्याच्या माघारी लेथचे काम वहिनींनीच सांभाळले. त्यांच्या धाकट्या दिरांचा मात्र त्या लेथवर डोळा होता. हे भाऊजी रोज सकाळी येत आणि आपले जाडजूड जाकीट माझ्या डोक्यावर अडकवत. मी काय खुंटी आहे? माझा पंखा झाकला जाई, जीव गुदमरे, आणि तापून शेवटी मी मोटार थांबवी. पडद्यावर मी दोन अक्षरे दाखवी. 'ड्राइव्ह तापला' एवढाच त्यांचा अर्थ. पण भाऊजी आपल्या आईला ठणकावून सांगत, "वहिनींनी जास्त जोर लावला, दुसरं काय!" मग जाकीट उचलून जेवायला निघून जात. मी निवे, पुन्हा चालू होई, आणि बोल वहिनींना लागत.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आता पुन्हा बंद पडलं तर लेथ धाकट्याकडे." वहिनींचा चेहरा उतरला. माझे तर पित्त खवळले.

भाऊजी बाह्या सरसावून पुढे झाले. "आई, तू बस इथे. मी चालवून दाखवतो." आणि सवयीने जाकीट माझ्यावरच टाकले. या, म्हटले! मी दात-ओठ खात तग धरला. काम शेवटच्या फेरीला आले, भाऊजी ऐटीत आईकडे बघून हसले, आणि तेव्हाच मी थांबलो. काय गार वाटले म्हणून सांगू!

"वहिनींनीच काहीतरी केलंय!" भाऊजी ओरडले.

वहिनींनी जाकिटाखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. "आई, जरा हात लावून बघा. नुसता तवा झालाय. भाऊजी, आधी तुमचं जाकीट काढा इथून."

सासूबाईंनी हात लावून पाहिला. "रोज इथेच अडकवतोस ना रे?"

भाऊजींनी घाईघाईने जाकीट ओढून काखेत मारले.

"मग लेथ हिच्याकडेच राहील. आणि ह्याचा पंखा दर आठवड्याला तू साफ करायचास."

आता भाऊजी ब्रश घेऊन माझ्यापुढे येतात. वीज बंद केली तरी माझ्या पोटात ती थोडा वेळ शिल्लक असते, हे वहिनींनी त्यांना बजावले आहे. म्हणून ते घाम पुसत ताटकळतात, आणि मी मजा बघतो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना मोकळा श्वास घेऊ द्या, आमच्यावरची धूळ झाडा. आणि बटण बंद केल्याबरोबर आमच्या पोटात हात घालू नका. आमचा राग इतक्या लवकर उतरत नाही.