टेकडीवरची रागी

दिव्यश्री बंगळूरच्या मारतहळ्ळीची. रानात अन्न शोधत फिरणाऱ्यांबद्दल अभ्यासकांनी काही नियम मांडले आहेत; ते घरापुरतं पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू पडतात का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी ती आनेकलजवळच्या एका खेड्यात सयाजीअण्णा आणि जमनाबाईअक्कांकडे येऊन राहिली. या नवराबायकोची दोन लहान वावरं होती, एक घराला लागून, दुसरं टेकडीवर. दोन्हीकडे रागी, म्हणजे नाचणी, तीही घरात खायला.

खुरपणी सुरू झाली आणि दिव्यश्री बुचकळ्यात पडली. घराजवळच्या वावरात तण औषधालाही उरलं नव्हतं, तरी अण्णा तिथंच खुरपं घेऊन बसायचे. टेकडीवरची रागी मात्र गवतात बुडत चालली होती.

"फळं विरळ झाली की पाखरू झाड सोडतं, अण्णा," ती म्हणाली. "शेवटचं फळ शोधत बसत नाही. मग तुम्हीच का बसता?"

"सांग, सांग त्यांना!" पलीकडच्या ओळीतून अक्का ओरडल्या. "मी सांगून थकले."

अण्णांनी मान खाली घातली. "हिचा गुडघा धरलाय. टेकडी चढवत नाही हिला. लग्न झाल्यापासून दोघं शेजारी-शेजारी खुरपतोय. वर एकट्याला करमत नाही मला."

अक्कांचा हात थांबला. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार, असं दिव्यश्रीला वाटलं. पण अक्का खो-खो हसत सुटल्या. "अय्यो, एवढंच होय? मग दारातली मोपेड काय लोणचं घालायला ठेवलीय?"

"तू बसशील? भीती वाटते म्हणायचीस ना?"

"बसेन की! स्वल्प हळू चालवा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पदर खोचून मागे बसल्या आणि अण्णांचा शर्ट मुठींत आवळून वाटभर किंचाळत राहिल्या. मागून धावणाऱ्या दिव्यश्रीची हसून हसून मुरकुंडी वळली. वर पोचल्यावर तिघांनी मिळून गवत उपसलं.

संध्याकाळी तिनं आपल्या सरांना फोन लावला. "सर, नियम लागू पडतो, पण सोबतीचाही विचार त्यात घ्यावा लागेल."

"सोबत मोजणार कशी?" सरांनी विचारलं.

तिनं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. अवघड प्रश्न हाती लागल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

सुगीला टेकडीवरची रागी खळ्यावर आली. नव्या पिठाचे गरम मुद्दे, म्हणजे रागीच्या उकडीचे गोळे, अक्कांनी तिच्या पानात वाढले, आणि तिनं लाजत आणखी एक मागून घेतला.