पोळ्याच्या दिवशीची मोटार

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. उलट त्यासाठीच मी तो दिवस धरला. त्या दिवशी मुलखातल्या सगळ्या गाड्या दारात नुसत्या उभ्या असतात, कुणी कुठं जात नाही की येत नाही. अशा दिवशी हट्ट्याच्या गोजरबाईची, म्हणजे माझी, मोटार शिरड शहापूरच्या वेशीत जाऊन उभी राहिली, तर बैल बघायला जमलेलं सगळं गाव ती बघणार. व्याही बघणार, विहीण बघणार, आणि सून मुकाट्यानं बोचकं घेऊन मोटारीत बसणार. असा माझा हिशेब.

सून म्हणजे रूपाबाई, माझ्या तातेरावाची बायको. पंचमीला माहेरी गेली ती आलीच नाही. व्याह्यानं, संतरामनं, निरोप धाडला की पोरगीला बरं वाटत न्हाई, पोळा झाल्यावर बघू. काय बरं वाटत नव्हतं ते मला माहीत होतं. पंचमीच्या आधी आमच्या ओसरीवर निंदणीच्या बाया बसल्या होत्या. भाकरी करपली होती. त्या बायांच्या देखत मी सुनेला म्हटलं, तुझ्या बापानं तुला हात देऊन पाठवलंच न्हाई, नुसतं खायचं तोंड देऊन पाठवलं. बाया पदरात तोंड घालून हसल्या. रूपाबाई काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, आणि ते मी घातलेलं वळण आहे असं मला वाटायचं.

आता तिला परत आणायचं तर काहीतरी बोलणं आलं. माझं चुकलं हे शब्द मी नवऱ्यापुढं कधी काढले नाहीत, तर विहिणीपुढं कुठले काढणार. मोटार दारात उभी केली की तोंड उघडायची गरजच उरत नाही. मोटार घेऊन न्यायला आली म्हणजे सासूनं सुनेचा मान राखला, हे आंधळ्यालाही दिसेल.

मोटार नवी नव्हती. वसमतचा सादिकशेठ जुन्या मोटारी घेई आणि विके. निजामाचे अंमलदार बदली होऊन गेले की त्यांच्या मोटारी त्याच्या दारात येत. मी तातेरावाला वसमतला धाडतानाच सांगितलं होतं, मोटार घेतल्याबिगर घरी तोंड दाखवू नको. तो घेऊन आला. काळी, वर कापडाचं छत, बाजूला पितळी भोंगा. मी तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात तसं तिच्याही नाकाडाला चोळलं. तातेराव म्हणत होता, एवढ्या लांब कशाला, आधी गावच्या गावात फिरवू. मी म्हटलं, मोटार आणलीस का पाळणा. तो गप्प बसला.

वसमत मागं पडेपर्यंत मी वरमाईसारखी बसले होते. मग पुढून ठकठक आवाज येऊ लागला, आत बसून कुणी उखळात कांडावं तसा. मागं निळा धूर. मी विचारलं काय होऊन राहिलं, तर तातेराव म्हणाला काही न्हाई. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. शिरडची देवळं दिसायला लागली आणि चढावर मोटारीच्या पोटात काहीतरी कडाडलं. ती जागच्या जागी थांबली. तातेरावानं झाकण उघडलं तर वाफेनं त्याचं तोंडच दिसेना. इंजन सुरू करायचा दांडा पुढून घालून फिरवायला गेला, दांडा तसूभर हलला नाही.

म्हणाला, "आई, इंजन जाम झालं."

मी म्हटलं, जा गावात, बैलजोडी घेऊन ये. तो माझ्याकडं नुसता बघत राहिला, तेव्हा माझं मला कळलं मी काय बोलले ते.

बैल आले नाहीत, माणसं आली. संतराम आला, त्याचे भावकीतले गडी आले, बैलांसाठी वळलेली नवी चऱ्हाटं घेऊन. मी खाली उतरले असते तर ओझं तेवढं कमी झालं असतं. उतरले नाही. उतरणं म्हणजे हरणं वाटलं. रंगीत शेले बांधलेले गडी वाकून ओढून राहिले आणि मी आत ताठ बसलेली. वेशीत मोटार ओढून आणली तेव्हा शिंगं रंगवायला बसलेला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, हट्ट्याचा बैल दिसायला देखणा आहे, पण बसका निघाला. सगळी वेस हसली. संतराम तेवढा हसला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

संतराम घरी चला म्हणाला. विहीण, मिराबाई, तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायले, पण जागची हलले नाही. म्हटलं, ज्यानं ही विकली तो येऊन हिला चालती करील, मग मी तुमच्या दारात मोटारीनं येईन. एक गडी सायकलवर वसमतला पिटाळला. रूपाबाई काही बाहेर आली नाही.

दुपारभर मी त्या मोटारीत बसून होते. आजूबाजूला बैल येऊ लागले. झुली, बाशिंगं, घुंगरं, गेरूचे हातठसे. तोरणाखाली रांग लागली, हलगी वाजू लागली, आणि झडत्या सुरू झाल्या. पोळ्याला बैलांपुढं जोडून म्हणायच्या त्या ओळी. एकानं मोटारीकडं बघत म्हटलं,

"हट्ट्याची मोटार आली, शिरडाला येऊन बसली,
बैलांना आज सुट्टी, म्हणून माणसं तिला जुंपली.
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव."

सगळ्या गावानं हर हर महादेव म्हटलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पण ते कुणाला देणार.

तेवढ्यात सादिकशेठचा टांगा आला. घोड्याला काही पोळा नसतो. शेठ उतरला, सलाम केला, आणि माझा दिवसभराचा सगळा जाळ त्याच्यावर गेला. हलगी थांबली तरी मी थांबले नाही. म्हटलं, तुझा बाप घोडे विकायचा, तो जनावराची खोड चार माणसांत सांगून मग लगाम हातात द्यायचा. तू खोड लपवून मढं गळ्यात मारलंस. आणखीही पुष्कळ म्हटलं. त्याच्या खाल्ल्या मिठापासून त्याच्या दाढीपर्यंत काही सोडलं नाही.

तो माझं संपेपर्यंत उभा राहिला. मग त्यानं झाकणाखाली डोकं घातलं, तेल मोजायची सळई काढून बघितली, पुसली, परत घातली. तातेरावाकडं बघितलं. तातेराव जमिनीकडं बघत होता.

सादिक म्हणाला, "बाई, खोड मी सांगितली होती. हात हातात घेऊन सांगितली. इंजन थकलेलं हाये, तेल पितं, आधी उघडून काम करून घ्या, तवर गावाबाहेर काढू नका. म्हणून तर तेवढ्या स्वस्तात दिली."

मी लेकाला विचारलं, काहून सांगितलं न्हाईस मला.

तातेराव माझा मोठा लेक. अंगानं पहाड. त्या दिवशी तोरणाखाली, बैलांच्या आणि माणसांच्या देखत, तो जमिनीवरची नजर न काढता म्हणाला, "तुला कोण सांगणार, आई?"

त्यात राग नव्हता. पाऊस येऊन राहिला असं कुणी सांगावं तसं तो म्हणाला. आणि वेशीतलं कुणी हसलं नाही. मी माणसांचे चेहरे बघितले, तर कुणालाच नवल वाटलेलं दिसेना. जे मला आत्ता कळलं ते शिरडातल्या लोकांनाही माहीत होतं.

मग मी उतरले. लुगड्याचे काठ चिखलात गेले. बैलांच्या रांगेतून वाट काढत व्याह्याच्या घरी गेले. वाट दाखवायला कुणी आलं नाही.

रूपाबाई चुलीपुढं पुरणाच्या पोळ्या करत होती. तिनं पाट मांडला, ताट वाढलं, पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. मी पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. मी विचारलं, तातेराव म्हणतो मला कुणी काही सांगत न्हाई. आणखी काय काय हाये जे मला सांगत न्हाईत.

तिला वाटलं मी तिला शब्दात पकडून राहिले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळू आवाजात सुरू झाली. भाकऱ्या करपतात कारण तव्याला चीर गेली आहे, सगळ्या घराला ठाऊक आहे. दूध घालणारी भिकाबाई म्हैस आटली म्हणते, पण ती आटलेली नाही, तिला आमच्या दारात यायचं नाही. निंदणीला बाया आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतात, दुसरीकडं काम उरलं नाही की मग.

"त्या दिवशी हसल्या त्या भिऊन हसल्या, आत्याबाई," ती म्हणाली.

प्रत्येक गोष्टीला माझ्या जिभेवर जबाब येत होता. भिकाबाईला तर चांगला सणसणीत आला होता. मी पोळीचा तुकडा तोंडात कोंबून तो गिळला. आणि शेवटी ताटाकडं बघत म्हटलं, भाकरीवरून मी बोलले ते चुकलं. चल आता घरी.

ती म्हणाली, "अजून मला बरं वाटत न्हाई."

तीच सबब, संतरामनं धाडलेली. पण या वेळी ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली.

तातेराव मोटारीपाशी राहिला. बैल जुंपायचा दिवस उजाडला की ती ओढून वसमतला न्यायची आणि सादिकनं इंजन खोलून बघायचं, असं दोघांनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. मला वसमतपर्यंत न्यायला एकच वाहन होतं, सादिकचा टांगा. ज्याला गावासमोर मढं विकणारा म्हटलं, त्याच्या शेजारी बसून निघाले. त्यानं माझ्या पायाखाली घोंगडी टाकली. वेस मागं पडली, चढ उतरला, तोवर मी शब्द जुळवत होते. आज एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेल वाटलं.

मी म्हटलं, सादिकशेठ, मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका, माझी चूक झाली.

त्यानं लगाम जरा ओढला. "बाई, शिव्या वेशीत दिल्या, माफी टांग्यात देता. मला तुमच्यावर राग न्हाई. पण उद्या बाजारात लोक वेशीतलंच बोलणार. टांग्यातलं कुणी ऐकलं?"

हे तो भांडायला म्हणाला नाही. याच मुलखात त्याला मोटारी विकायच्या होत्या. पण मला त्याच्या जागी रूपाबाई दिसली, चुलीपाशी भिंतीला टेकलेली. ओसरीवर बायांसमोर बोलले आणि स्वैपाकघरात दार लावल्यासारखं चुकलं म्हणाले. तिला बरं कसं वाटणार.

टांगा वळवा म्हणायला मला फार वेळ लागला. घोडं बरंच पुढं गेलं तेव्हा म्हटलं. सादिकनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता टांगा वळवला.

वेशीत अजून पोळा फुटायचा होता, बैल तोरणाखालीच खोळंबले होते. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, त्यांत मिराबाई आणि तिच्या मागं रूपाबाई. टांगा परत आलेला बघून लोकांना वाटलं बाईचं काही बोलायचं राहिलं. मी टांग्यातून उतरले आणि तोरणाखाली उभी राहिले. मी म्हटलं, सादिकशेठनं मोटार खोड सांगून विकली. लेकानं ती मला भिऊन सांगितली न्हाई. शेठला बोलले ते खोटं. आणि बायकांकडं तोंड करून म्हटलं, माझ्या सुनेला मी चारचौघींत नको ते बोलले. तिच्या बापानं तिला काही कमी देऊन पाठवलं न्हाई.

कुणी काही बोललं नाही. बरं झालं. कुणी शाबासकी दिली असती तर मी तिथंच मेले असते. एका बैलानं मान हलवली तशी घुंगरं वाजली. झडतीवाल्यानं माझ्याकडं बघून पागोटं नीट केलं.

रूपाबाईनं ताट आईच्या हातात दिलं आणि दोन बायांमधून पुढं आली.

म्हणाली, "महालक्ष्म्या बसायच्या आधी येते, आत्याबाई. बाबांच्या बैलगाडीनं."

मी मान हलवली. परत टांग्यात बसले तेव्हा हलगी सुरू झाली, बैल तोरणाखालून सुटले, आणि सगळं गाव त्यांच्यामागं पळालं. मोटारीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. तरी वसमत येईपर्यंत मी पदर डोळ्यांवर ओढून बसले होते.