खोलीत बोललेलं सगळं

अगं ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये 'मग?' 'मग?' करू नकोस, माझा धागा सुटतो.

एक दुभाषी आहे. दोन भाषांमधलीच, पण त्यातली एक भाषा हातांची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना समोरच्याचं बोलणं खुणांनी करून दाखवायचं, आणि ते हातांनी जे बोलतील ते तोंडाने सांगायचं. वय चोवीस, परीक्षा पास होऊन जेमतेम पाच महिने झालेले. नवीनच, त्यामुळे नियम अगदी तोंडपाठ. आई तिला रोज टोमणा मारते, "दिवसभर हातवारे करतेस, आणि घरी आलीस की त्याच हातांना एक कप विसळवत नाही."

तर तिला एका शाळेचा फोन आला. त्या दिवशी शाळेला हाफ डे. बारा वाजता पोरं घरी, आणि त्यानंतर पालकांच्या भेटी, प्रत्येकाला वीस मिनिटं. सातवीतली एक मुलगी, तिच्या आईवडिलांना दोघांनाही ऐकू येत नाही. आजवर दर वेळी ती मुलगीच मध्ये बसून बाईंचं सांगायची. नवीन मुख्याध्यापक म्हणाले, हे काय भलतंच? स्वतःची तक्रार पोर स्वतःच सांगणार? दुभाषी बोलवा.

गेली ही. कॉरिडॉरमध्ये पालक खुर्च्यांवर ताटकळत बसलेले. मुलीचे वडील पुस्तकबांधणी करतात, बोटांना डिंक चिकटलेला. आई शिलाईच्या कारखान्यात काज-बटण करते. दुभाषीने हातांनी स्वतःची ओळख करून दिली तशी दोघं अशी खूश झाली की विचारू नकोस! मुलीची आई म्हणाली (हातांनीच गं), "आज आमच्या पोरीला सुट्टी!" आणि त्यांनी मुलीची ओळख करून दिली. त्यांच्यात हाका मारायला खुणेचं नाव असतं. हिचं नाव म्हणजे गालावर बोट टेकवून जरा फिरवायचं. खळी.

पण खळीच्या गालावर तेव्हा खळीबिळी काही नव्हती. तोंड एवढंसं.

"तुम्ही कशाला आलात?" तिने तोंडाने विचारलं. "मला येतं की सगळं. बँकेत मी, गॅसवाल्याकडे मी, दवाखान्यात मी. हाफ डे म्हणजे माझी ड्यूटीच असते."

"आज मी करते ड्यूटी," दुभाषी हसून म्हणाली. पोरीला हसू आलं नाही.

आत गेले. दुभाषीने आधी खिडकीचा पडदा ओढला, कारण उजेड पाठीमागून आला की हात काळे दिसतात. मग बाईंच्या शेजारी बसली आणि बाईंना नियम सांगितले. "मी मध्ये आहे असं समजूच नका. त्यांच्याशी सरळ बोला. ते 'मी' म्हणाले तर मीही 'मी' म्हणेन, तेव्हा दचकू नका. आणि या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार. काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही. बाहेर गेल्यावर यातलं कुणाला बोलणारही नाही."

बाई म्हणाल्या, "छान छान," आणि सुरू झाल्या.

"गेल्या वर्षी तुम्ही नाही म्हणालात, मी समजू शकते. एकुलती एक मुलगी, लांब पाठवायची म्हणजे जीव तुटतो. पण या वर्षी मी पुन्हा विनंती करते. गणितासाठी त्या निवासी शाळेत हिची पुन्हा निवड झालीय. अख्ख्या शाळेतून एकटी! ती नववीची गणितं सोडवते हो. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. सातवीनंतर ते घेत नाहीत, आणि फॉर्म आज चारपर्यंत द्यायचाय."

दुभाषीचे हात चालू झाले होते. 'गेल्या वर्षी तुम्ही नाही म्हणालात' इथपर्यंत आले, आणि आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात, अगं, ती खळी बोलली. तोंडाने. चेहरा हसरा ठेवून, अगदी 'आज हवा छान आहे' असं म्हणावं तशी. "ताई, हे सांगू नका. प्लीज. अभ्यास बरा आहे, अक्षर सुधारा, असं काहीतरी सांगा. त्यांना ऐकू येत नाही, त्यांना कळणार नाही."

बाईंचा आ वासलेला तसाच राहिला.

आता दुभाषीने काय केलं माहितीय? म्हणजे तिने केलं असं नाहीच, तिच्या हातांनी केलं. पाच महिन्यांची घोटून घोटून झालेली सवय. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. तिचे हात चालतच राहिले, 'ताई, हे सांगू नका' पासून 'त्यांना कळणार नाही' पर्यंत. सगळंच्या सगळं करून दाखवलं! आणि शेवटची खूण हवेत असताना तिच्या लक्षात आलं, हे आपण काय करून बसलो.

खळीचं हसू तोंडावरच गोठलं.

वडिलांचे हात हळूहळू वर आले. दुभाषीच्या तोंडून शब्द आले, "मी कधी नाही म्हणालो?"

बाईंनी दुभाषीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "गेल्या वर्षी... हिनेच सांगितलं, पप्पा नाही म्हणतायत." दुभाषीने तेही केलं, आणि बाईंचं राहिलेलं, ती निवासी शाळा, तो फॉर्म, सगळं हातांनी पुरं केलं.

वडील मुलीकडे वळले. दुभाषी त्यांच्यासाठी बोलत होती. "गेल्या वर्षी याच खोलीत तू मला सांगितलंस, बाई म्हणतायत अक्षर सुधारा. मी तुला सुलेखनाची वही आणून दिली. तू महिनाभर रोज ती गिरवत बसलीस."

पोरीने हातांनी एवढंच म्हटलं, "मी गेले तर तुमचं कोण बघणार?"

तशी आई भडकली. असे हात चालले तिचे, दुभाषीची बोलताना दमछाक झाली! "तू जन्मायच्या आधी आम्ही काय कोंडून घेऊन बसलो होतो? लग्न केलं, घर घेतलं, तुझ्या बापाचा मालक पगार बुडवत होता त्याला कागदावर लिहून लिहून घाम फोडला. तेव्हा तू होतीस? आमची काळजी करायला तुला कुणी ठेवलंय गं? फॉर्म द्या इकडे!"

बाई डोळे पुसत होत्या, वडील डिंकाच्या बोटांनी पेन शोधत होते, आणि खळी उठली ती सरळ दाराबाहेर.

फॉर्म चार पानी होता. वाचून भरायला दोघांना दुभाषी लागत नव्हती. ती पोरीच्या मागे गेली. माफी मागायची होती म्हण, की आणखी काही, तिचं तिलाच माहीत नव्हतं. खळी कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, हे जास्त वाईट.

"तुमचा नियम आहे ना," ती म्हणाली, "बाहेर कुणाला सांगायचं नाही?"

"हो."

"कुणालाच?"

"कुणालाच. अगदी शप्पथ." दुभाषीला वाटलं, चला, निदान एवढं तरी देऊ हिला.

"मम्मीचे डोळे जाणारेत."

दुभाषीला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पुढचं काही डोक्यात शिरेना.

"मागच्या एका हाफ डेला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. तिचा चष्मा बदलायला. डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं आणि मला सांगितलं. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग नळीतून बघितल्यासारखं, मग तेही नाही. पाच-सहा वर्षं म्हणाले. आणि म्हणाले, तू शहाणी मुलगी आहेस, मम्मीला नीट समजावून सांग."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नंबर वाढलाय."

अगं, बारा वर्षांची पोर! आणि एक मोठा शिकलेला डॉक्टर एवढं ओझं तिच्या हातात ठेवून मोकळा!

"त्यांनी महिन्याने परत बोलावलं होतं," खळी म्हणाली. "मी ते सांगितलंच नाही. तीन महिने झाले. मम्मीला दिसेनासं झालं तर ती आमचे हात कसे बघणार? तेव्हा हातात हात देऊन बोलावं लागतं, तिच्या तळहातावर. मी तिला थोडं थोडं शिकवतेय. डोळे मिटायला लावते आणि ओळख म्हणते. तिला वाटतं खेळ आहे. मी तिकडे गेले तर कोण शिकवणार? पप्पांना तर माहीतच नाही."

दुभाषीने भिंतीला हात टेकला. नियम तोंडपाठ होते ना तिला? आता एकही आठवेना. डोक्यात नुसतं एकच, तीन महिने, तीन महिने.

"परत जायला हवं," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टरांकडे. काही करता येत असेल तर?"

"तुम्ही शप्पथ घेतलीय."

"तूच सांग मग मम्मीला. मी बरोबर थांबते."

"नाही. आत्ताच तुम्ही सगळं सांगितलंत ना, बघितलं मी काय होतं ते."

तेवढ्यात वर्गाच्या उघड्या दारात पावलं वाजली. आईवडील बाहेर आले. वडिलांनी फॉर्म उंच धरलेला, सही ठोकलेली, चेहरा असा की जत्रेत बक्षीस जिंकलंय. आईचं लक्ष पोरीकडे, ती झपाझप पुढे आली. उजव्या हाताला एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या, तिच्या खांद्याएवढ्या उंच. ती सरळ जाऊन त्यांच्यावर आदळली. धाडकन आवाज झाला, कॉरिडॉरमधले सगळे वळून बघायला लागले. तिने दंड चोळला, स्वतःलाच हसली आणि हातांनी म्हणाली, "आनंदाने आंधळी झालेय मी!"

खळीने मान खाली घातली.

आई जवळ आली. पोरीची हनुवटी वर केली, चेहरा निरखला, मग दुभाषीचा निरखला. चेहरे वाचण्यात त्या आईचा हात कोण धरणार? तिने हातांनी सरळ दुभाषीला विचारलं, "दारातून दिसत होतं मला. ही एवढा वेळ तुझ्याशी बोलत होती. काय म्हणाली?"

समोर आई उत्तराची वाट बघतेय. तिच्या मागे बाप फॉर्म हलवतोय. आणि बाजूला ती पोर श्वास रोखून दुभाषीच्या हातांकडे बघतेय, फक्त हातांकडे. बोलायला तोंड नाही, हातच लागणार, आणि आई बघत असताना ते हात अर्धे वर आलेलेसुद्धा.

मला तर गोष्ट सांगतानाच घाम फुटला. तू सांग ना, तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?