अडचण नाही

चार शब्द आहेत. मी. देव. मानत. नाही. एकही अवघड नाही, पहिलीच्या पुस्तकात सापडतील. गौरी यायच्या आत हे चार शब्द मला माझ्या सासूला ऐकवायचे होते.

कारण यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणार होती, आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा आमच्याकडे पूर्वा गौरीलाच होतो. सुपात पानं, फळं, नारळ ठेवायचा, सुपाला दोरा गुंडाळायचा, ते गौरीपुढे धरून ओवाळायचं, मग घरातल्या मोठ्यांच्या हातात द्यायचं. लग्नाला दीड वर्ष झालं तरी माझा ओवसा राहिला होता. रोह्याजवळच्या आमच्या गावात हौसाबाईंची सून कधी ओवसणार हे बायकांना तोंडपाठ होतं.

मूर्तीपुढे सूप धरल्याने माझे हात झडणार नव्हते. जोह्याला माझ्या वडिलांचा गणपतीचा कारखाना आहे, बारा वर्षांची असल्यापासून मी मूर्तींचे डोळे आखते. प्रश्न सासूचा होता. हौसाबाई खोटं बोलत नाहीत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुझी आमटी म्हंजे वालांनी आंघोळ केलेलं पाणी." सासरे गेले तेव्हा भेटायला आलेल्या लोकांना म्हणाल्या होत्या, "मानूस बरा होता, पन तापट." या बाईसमोर डोळे मिटून खोटं ओवसायचं, हे मला जमणार नव्हतं.

म्हणून चार शब्द. श्रावणापासून बोलतेय.

मी देव मानत नाही

तालीम म्हणून आधी प्रविणला सांगितलं. आम्ही दोघं धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहोत. तो सत्यनारायणाच्या शिऱ्याचे द्रोण वाटत आला होता.

"हात धुतलेत ना मॅडम?"

"दे, शिरा खाते मी. पण मी देव मानत नाही."

त्याने द्रोण मागे घेतला. मग पुढे केला. मग मधेच धरला.

"कुठल्या संप्रदायाच्या बैठकीला जाता?"

"नाही."

"मग..." त्याचा आवाज उतरला. "बदललात का? धर्म?"

"नाही रे."

"मग कशात आहात?"

"कशातच नाही."

"असं कसं? माणूस कशात तरी असतोच. माझा मेव्हणा शाकाहारी झाला, तोसुद्धा आधी कोणाला सांगायचा नाही."

शिरा गोड होता. दुसऱ्या शिफ्टला बातमी पोचली ती अशी, की समीक्षा मॅडमचं घरी काहीतरी बिनसलंय.

मी देव मानत

इथे नवऱ्याने तोडलं. "अगं मी तरी कुठे मानतो?" नितेश म्हणाला, गाडी सुरू केली, डॅशबोर्डवरच्या गणपतीला दोन बोटं लावून ओठांना लावली.

"हे काय केलंस?"

"सवय गं. ब्रेक बघतो तसं."

"मग आईंना तू सांग."

"वेडी आहेस का? तू मनात नको मानूस ना. मनातलं कोण बघायला येतंय?"

"देव."

तो स्टेअरिंगवर हात मारून हसला. "बघ! म्हणजे मानतेस."

एखाद्याला 'मला मासे आवडत नाहीत' सांगितलं तर तो जेवायला दुसरं काही करतो. 'मी देव मानत नाही' सांगितलं की लोक माझ्यातच काहीतरी दुसरं शोधू लागतात.

मी देव

रविवारी मेमू गाडीने पेणला गेले, तिथून जोह्याची एसटी. कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. रंगाच्या मशीनचा आवाज, प्लास्टिक पांघरलेले दीडशे गणपती, आणि मधे पोपट म्हात्रे, म्हणजे माझे बाबा, नाकावर चष्मा, दातात ब्रश.

मला वाटलं होतं, हा माणूस तरी ऐकेल. यांच्याच तोंडून मी लहानपणी ऐकलंय, "हिथं आहे तवर तो माल. गिऱ्हाइकाच्या पाटावर बसला की देव."

"बाबा, मी देव..."

"यंदा जास्त घेतलेत," ते ब्रश काढून म्हणाले. "सतरा नग अजून बिनडोळ्यांचे आहेत. तुझे डोळे काय तुझेच. तो पोरगा आदेश आखतो ना, त्याचा गणपती झोपेतून उठल्यासारखा वाटतो."

"बाबा, ऐका. मी मानत नाही. देव."

त्यांनी चष्मा काढला.

"माझीच चूक," ते म्हणाले. "पोरी खेळायच्या तेव्हा मी तुला हिथं बसवली. कंटाळा येणारच."

"कंटाळा नाही आला!"

"दमली आहेस तू. चहा घे."

सतरापैकी अकरांचे डोळे मी आखले. हात जराही हलला नाही. उलट, लोकांशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. डोळ्याला एकदा रेघ ओढली की तो डोळाच दिसतो, कोणी त्याला कान म्हणत नाही.

मी दे

आणि आता ज्यांना सांगायचं होतं त्या.

सकाळी सव्वासात. हौसाबाई परसातून फुलं घेऊन आल्या.

"दिवा लाव गो, माझे हात वले हायेत."

"आई, मी नाही लावणार. मी दे..."

"अडचण हाय?" त्या लगेच दोन पावलं मागे सरल्या. "सांगायचं नाय व्हय आधी? जा, तिकडं बस. चहा मी आणते."

मी तिकडे बसले. चहा आला. बाई महिन्याच्या त्या दिवसांत देवाजवळ जात नाही, त्याला आमच्याकडे अडचण म्हणतात. बाईने दिव्याला नको म्हणायचं दुसरं कारण हौसाबाईंच्या जगात नव्हतंच.

नऊ दिवसांनी पुन्हा बोलले. "अडचण? परत?" सोमवारी पुन्हा. या वेळी त्यांनी कपाळाला हात लावला, माझ्या, आणि शेजारच्या शकूकाकूंना हाक मारली. "तुझ्या भाचीला काय झालेलं गो? तीनतीनदा येत होती ना?"

"पिशवीत गाठ," शकूकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या.

मी

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "काय होतंय?"

मी म्हणाले, "मी..."

हौसाबाईंनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून टेबलावर उलगडलं. तीन तारखांवर निळे ठिपके होते. मी बोलायचा प्रयत्न केला ते तीन दिवस. तेवढेच त्यांनी नेमके टिपले होते. न बोललेले सत्तावीस कोरे.

"बघा. एका म्हैन्यात. अंगात रगत काय राहनार तिच्या?"

तपासायला आत नेलं तेव्हा मी घाईघाईने कुजबुजले. "मला काहीच त्रास नाही. मी देव मानत नाही, आणि आईंना वाटतंय की..."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "घरी ताण आहे का?"

"हो! म्हणजे, हाच."

"बरोबर. ताणाने पाळी बिघडते."

लोहाच्या गोळ्या, तीस. रोज रात्री हौसाबाई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहायच्या, मी गिळेपर्यंत. मी गिळायचे. त्यांची काळजी एवढी खरी होती, की ती थुंकून कशी टाकायची हे मला कळेना.

अडचण

गौर आली. तेरड्याची, हिरवी साडी नेसलेली. बाबांनी जोह्याहून पाच सुपं पाठवली होती. ओटीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, कोणाच्या केसांत केवड्याचं पान, कोणाच्या मांडीवर पोर.

"चल गो समीक्षा, सूप घे," हौसाबाई म्हणाल्या. नवी साडी, आवाजही नवा.

मी जागची हलले नाही.

"काय झालं?" काशीबाई पुढे वाकल्या. गावातल्या सगळ्या ओवशांना पहिली जागा त्यांचीच. "अडचण हाय काय तिला?"

महिनाभर हेच ऐकत होते.

"नाही!" मी म्हणाले. मोठ्याने, इतकं की पोर दचकलं. "मला काही अडचण नाही. आत्ता नाही, आणि गेल्या महिन्यात तुम्ही सगळ्या म्हणत होतात ना, तेव्हाही नव्हती. एकदाही नव्हती! मी..."

श्वास घ्यायला थांबले. तिथेच चुकलं.

"गेल्या म्हैन्यात पन नव्हती?" शकूकाकू सावकाश म्हणाल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. मग किंचाळल्या, "अगो बाय माझे! हौसा! दिवस गेलेत पोरीला!"

ओटी उठली. कोणी माझे गाल धरले, कोणी कानशिलावर बोटं मोडली. "पूर्वा गौर पावली गो, हौसा!" "आनि ही लबाड डॉक्टरकडं जाऊन गप बसली!" काशीबाईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली. मी बोलायला तोंड उघडलं तर आणखी चिमूटभर.

हौसाबाई पुढे आल्या. माझ्या गालावर हात ठेवला.

"खरं काय गो?"

"नाही, आई."

"मंग?"

साखर गिळली. आणि बोलले. चारही शब्द, ओळीने, हळू, त्यांच्या एकट्यापुरते. बायका फुगडीला जागा करत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं.

हौसाबाईंनी ऐकलं. कसं कळलं? मला काय झालंय, हे त्यांनी विचारलं नाही. हात गालावर तसाच राहिला.

"ते सकाळी दिव्याच्या वेळी..."

"हेच सांगत होते."

"तिन्ही वेळा?"

"हो."

"आनि गोळ्या खाल्ल्यास?"

"खाल्ल्या."

त्यांनी गौरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी गालावरचा हात काढला आणि पदराला पुसला. मग वळल्या.

"गप ऱ्हावा गो सगळ्या," त्या म्हणाल्या. "कसली बातमी नि काय. अडचण आली तिला. आत्ता."

बायका एकदम मागे झाल्या. काशीबाईंनी मला साखर भरवलेले हात धुवायला बाहेर धाव घेतली. पाचही सुपं कोणीतरी उचलून आत नेली.

मी मागच्या पायरीवर बसले. घरात फुगड्या सुरू झाल्या. थोड्या वेळाने हौसाबाई ताट घेऊन आल्या. अडचणीतल्या बाईचं ताट जमिनीवर ठेवून लांबून सरकवतात. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि शेजारी टेकल्या.

"मला अडचण नाही, आई. तुम्हाला सांगितलं मी."

"ऐकलं. भयरी नाय मी."

"मग खोटं का बोललात?"

त्यांनी घोट्याजवळचा मुंगळा झटकला. आत शकूकाकू झिम्म्यात कोणावर तरी ओरडत होत्या.

"अडचण म्हनल्यानं पाच दिवस भेटले," हौसाबाई शेवटी म्हणाल्या. "सहाव्या दिवशी काय सांगू गो लोकांना?"

"मी सांगितलं तेच. चारच शब्द आहेत."

"माझी सून," त्या तोंडातल्या तोंडात म्हणून बघू लागल्या. "माझी सून दे..."

दाराशी काशीबाई आल्या, ओले हात पदराला पुसत. हौसाबाई थांबल्या.

"जेव," त्या मला म्हणाल्या. "आमटी गार होते."