सूर बदलला तेव्हा

रोझेरने उजव्या डोळ्याची पापणी दोन बोटांनी ताणून धरली आणि आरशाला नाक टेकवून लेन्स चिमटीत पकडायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. लेन्स जागची हलेना. डोळ्यातून नुसती आग निघत होती. बाहेर दालनात सरावाचा ढोल सुरू झाला होता आणि ब्लाय दारावर थापा मारत होता.

"रोझेर! तिसरा थर तुझ्यावाचून अडलाय! आत काय नवरीचा शृंगार चाललाय का?"

"आले, आले!"

आली कसली! तिने डोळ्यात थेंब टाकले, डोळा गच्च मिटला, लेन्सचा शोध लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा कुठे ती सुटली, आणि सुटली ती सरळ बेसिनच्या भोकात गेली. दुसरी जोडी घरी होती. आता काय करणार, कपाळ? एका डोळ्यावर ती बाहेर आली आणि माणसांच्या मनोऱ्याचे थर चढायला लागली.

ही चढण तिला लग्नाआधीपासून पाठ होती. खालच्याच्या पोटरीवर पाय, मग कमरपट्ट्यावर, मग खांद्यावर. पण एका डोळ्याला खोली कळत नाही. तिचा पाय खांद्याऐवजी खालच्या थरातल्या मार्तिरियाच्या कानावर पडला, तो कळवळला, आणि सगळा खांब पानासारखा थरथरला.

"उतरा!" ब्लाय ओरडला. "सगळे खाली! सावकाश!"

कुणी पडलं नाही. पण खाली उतरल्यावर तिच्याकडे कुणी बघेनाही, आणि ते तिला जास्त लागलं.

ब्लाय संघाचा प्रमुख. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, पण या वेळी त्याने तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. "चष्मा लावून थरावर जाता येत नाही, हे मी तुला काय सांगू? काच फुटली तर कुणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याला मी वर घेणार नाही. वर लेकरं असतात, रोझेर. आता तर तुझंच आहे."

तिचंच होतं. केराल्त, सात वर्षांची, हाडाची काडी. सप्टेंबरच्या जत्रेत ती पहिल्यांदा मनोऱ्याच्या टोकावर जाणार होती, चौकात, सगळ्या गावासमोर.

डोळ्यांच्या डॉक्टर सोलानेसबाईंनी यंत्रातून रोझेरचे दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले.

"काम कुठे करता?"

"हेझलनटच्या गोदामात. सोलायच्या यंत्रावर."

"म्हणजे दिवसभर धूळ, आणि वर लेन्स. तुमच्या डोळ्यांना हवाच मिळत नाहीये. बुबुळावर रक्तवाहिन्या चढायला लागल्यात. लेन्स आजपासून बंद."

"जत्रेपर्यंत तरी? फक्त सरावापुरत्या?"

"आजपासून."

"मग लेझर करा."

"तुमच्या बुबुळाचा पडदा पातळ आहे. लेझर झेपणार नाही त्याला."

"आतच कायमची लेन्स बसवतात म्हणे. कर्ज काढीन मी."

"बसवता येईल, डोळे शांत झाल्यावर. पुढच्या वर्षी बघू. पण त्यानंतर डोळ्यावर कुणाची टाच, कुणाचं कोपर बसलेलं चालणार नाही."

रोझेर हसली. टाच आणि कोपर बसल्याशिवाय मनोरा उभा राहत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी तिची गत झाली.

"चष्म्यात एवढं वाईट काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं, अगदी मायेने.

काय सांगणार? आपल्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढी काच येईल त्याचं दुःख नाही, आपण खाली उतरलो त्याचं आहे, हे त्या खुर्चीत बसून तिला सांगता येईना.

ब्लायने दुसरी वाट काढली. "तळात ये. तिथे काय बघायचं असतं? चष्मा खिशात घाल, पुढच्याच्या पाठीला छाती लाव, मान खाली घाल आणि रेट. जोफ्रेच्या मागे उभी रहा. नवऱ्याला मागून रेटायची सवय आहेच तुला."

पटण्यासारखं होतं. जोफ्रे कित्येक वर्षं तळातच होता. सासूबाईदेखील, गुडघे गेलेले असूनही, शेवटच्या रांगेत हात लावून उभ्या राहत. दिसलं नाही तरी लेकीचा भार आपल्या हातावर येईल, असं रोझेरने मनाला समजावलं. रात्री जेवताना तिने ते सांगितलं तर केराल्तने चमचा खाली ठेवला.

"नको."

"का गं?"

"बाबा तळात. आजी तळात. मामा दुसऱ्या थरावर. सगळे मान खाली घालून उभे. मग मला बघणार कोण?"

"अख्खा गाव बघेल की, सोन्या," जोफ्रे म्हणाला.

"गाव नको. आई बाहेर थांबू दे. आईने चष्मा लावून बघायचं. मी वरून तिलाच हात करणार."

जोफ्रेने बायकोकडे पाहिलं. मनोऱ्यातल्या माणसाला मनोरा कधी दिसत नाही. इतक्या वर्षांत तिनेही एकदासुद्धा पाहिला नव्हता. मान खाली, हनुवटी छातीला, डोळे मिटलेले. वर काय चाललंय ते सनया सांगतात. लेकरू टोकावर पोचून हात वर करतं तेव्हा सूर बदलतो, आणि खालची माणसं दात-ओठ खाऊन आणखी घट्ट होतात, कारण खरा धोका उतरतानाच असतो.

"थांबते," ती म्हणाली. डोळ्यांनी एवढं हिरावून घेतलं, तर एवढं तरी परत द्यावं, असं तिला वाटलं.

जत्रेच्या सकाळी तिने संघाचा जांभळा सदरा घातला. नवऱ्याच्या लांबलचक काळ्या कमरपट्ट्याचं टोक तिने ताणून धरलं आणि तो गरगर फिरत स्वतःला त्यात गुंडाळत तिच्यापर्यंत आला. मग केराल्तचा पट्टा. पोरगी फिरता फिरता बजावत होती, "कारंज्याच्या पायरीवर उभी रहा. तिथून हलायचं नाही. शपथ?"

"शपथ."

रोझेर पायरीवर उभी राहिली. नव्या चष्म्याच्या कडांना चौक जरा वाकडा दिसत होता, पण समोरचं सगळं स्वच्छ होतं. तळ दाटला. जोफ्रेचं टक्कल शेकडो हातांमध्ये बुडालं. दुसरा थर चढला. तिसऱ्यावर, तिच्या जागी, संघातल्या पाऊची पोरगी चढली, आणि पाय बरोबर खांद्यावर पडला. रोझेरचे स्वतःचे खांदे आखडले. सनया सुरू झाल्या.

चौथा. पाचवा. माणसांच्या पाठींवरून एक जांभळा ठिपका सरसर वर निघाला. हेल्मेट, काळा पट्टा, अनवाणी तळवे. ती लेक होती. रोझेरच्या हातांच्या मुठी वळल्या. खांब हलत होता, बाहेरून तो एवढा हलताना दिसतो हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. केराल्तने टोकाखाली वाकलेल्या पोराच्या पाठीवर गुडघा टाकला.

सूर बदलला.

चौकात एकच गलका झाला, टाळ्या पडल्या. शेजारची बाई रोझेरच्या दंडाला गच्च धरून ओरडली, "बघ, बघ गं!"

आणि रोझेरने पाहिलं, तेव्हा तिला स्वतःच्या सदऱ्याचं दुसरं बटण दिसलं. हनुवटी छातीला लागली होती. दात घट्ट मिटले होते. किती वेळ, ते तिलाही कळलं नाही. तिने झटकन मान वर केली, तर जांभळा ठिपका पलीकडच्या पाठींवरून निम्मा खाली उतरलेला होता.

मनोरा सुखरूप उतरला. माणसं रडत, हसत एकमेकांच्या गळ्यात पडली. जोफ्रे घामाने निथळत पायरीपाशी आला, मागून सासूबाई लंगडत.

"सांग, सांग! कशी दिसत होती? आम्हाला मेल्यांना काय दिसतंय!" सासूबाई म्हणाल्या.

"छान," रोझेर म्हणाली. "छान दिसत होती."

"हात सरळ केला ना? की आपला घाईघाईत?" जोफ्रेने विचारलं.

तिने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काच स्वच्छच होती. गर्दीतून केराल्त धावत आली आणि थेट तिच्या कमरेला बिलगली. रोझेरने चष्मा पुन्हा चढवला.

"सरळ केला, बाबा," केराल्त म्हणाली. मग मान वर करून तिने आईकडे बघितलं. "सगळे वर बघत होते. तू एकटीच खाली."

चौकाच्या पलीकडे दुसऱ्या संघाचा तळ दाटायला लागला होता. त्यांच्या सनया वाजल्या आणि कुणाचं तरी लेकरू वर निघालं. केराल्त कारंज्याच्या वरच्या पायरीवर चढली, आईच्या मागे उभी राहिली, आणि तिने आपले दोन्ही इवले हात आईच्या हनुवटीखाली घट्ट लावले.

"आता बघ," ती म्हणाली.

रोझेर बघत होती. सूर बदलला, आणि तिची हनुवटी त्या हातांवर सगळ्या जोराने खाली दाबू लागली.